दहा हजार वेळा मोजायचं, पण संगणकात! लेसर मापन किती खरं हे कसं ठरवतात?



बारामती-इंदापूर भागात 'लेसर' हा शब्द आता कुणाला नवा नाही. वावर सपाट करायला लेसर लेव्हलर येतो. बांधावर तिवईवर ठेवलेली एक पेटी लेसरचा किरण गरगर फिरवत असते आणि ट्रॅक्टरमागच्या लेव्हलरला लावलेला रिसीव्हर तो किरण पकडून फळी वर-खाली करतो. फरशी बसवणारा मिस्त्री भिंतीवर लाल रेघ पाडतो. बांधकामावरचा अभियंता टेपऐवजी हातातलं लेसर मीटर भिंतीकडे धरतो आणि पडद्यावर आकडा येतो.

आकडा आला की आपण तो वहीत लिहितो आणि पुढे जातो. पण तो आकडा किती खरा, हा प्रश्न राहतोच. 'यंत्राने सांगितलं म्हणजे बरोबरच' ही सवय मुलांना लागते आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनाही असते. या लेखात आपण लेसरनं त्रिमितीय मोजमाप कसं होतं, त्यात चुका कुठून शिरतात आणि त्या चुका किती मोठ्या असतील हे प्रत्यक्ष मोजण्याआधी संगणकावर कसं तपासतात ते पाहू. शेवटी दोन फासे आणि एक झेंड्याचा खांब घेऊन वर्गात करता येईल असा प्रयोगही दिला आहे.

लेसरनं अंतर मोजायचं म्हणजे काय?

प्रकाश एका सेकंदात २९,९७,९२,४५८ मीटर जातो. १९८३ पासून मीटरची व्याख्याच या आकड्यावर उभी आहे. मग अंतर मोजायचा सरळ मार्ग असा: प्रकाशाचा एक ठिपका पाठवा, तो वस्तूवर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजा, वेगाने गुणा आणि दोनने भागा. दोनने भागायचं कारण प्रकाश गेला आणि आला.

ऐकायला सोपं आहे. पण हिशोब करून बघा. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, प्रकाश सुमारे ३० सेंटिमीटर जातो. येण्या-जाण्याचा विचार केला तर १ नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात १५ सेंटिमीटरची चूक. १ मिलिमीटरपर्यंत अचूक अंतर हवं असेल तर वेळ सुमारे ६.७ पिकोसेकंदांपर्यंत अचूक मोजावा लागेल. नॅनोसेकंदाचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे पिकोसेकंद. हे गणित आठवी-नववीच्या मुलांना फळ्यावर करायला द्या. यंत्राच्या आत काय कसरत चालते याची कल्पना त्यांना तिथेच येईल.

याहून बारीक मोजायचं असेल तर वेळ मोजत नाहीत. प्रकाशाच्या लाटा मोजतात. हेलियम-निऑन लेसरच्या लाल प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.०००६३३ मिलिमीटर असते. ही जणू निसर्गानेच आखलेली पट्टी. या पद्धतीला इंटरफेरोमेट्री म्हणतात.

एक अंतर आणि दोन कोन

पण नुसतं अंतर कळून वस्तूची जागा कळत नाही. मुलांना पतंगाचं उदाहरण द्या. मांजा ताठ आहे असं धरू. पतंग नेमका कुठे आहे हे सांगायला तीन गोष्टी लागतात: मांजा किती लांब सोडला, पतंग कोणत्या दिशेला आहे आणि जमिनीपासून किती कोन करून वर आहे. लांबी, आडवा कोन, उभा कोन. या तीन आकड्यांत पतंगाची जागा पक्की होते.

लेसर ट्रॅकर नावाचं यंत्र हेच करतं. मोठ्या यंत्रभागांवर एक छोटा गोल परावर्तक फिरवतात. त्यात आरसे असे बसवलेले असतात की आलेला किरण आल्या वाटेनेच परत जातो. यंत्राचं डोकं त्या परावर्तकाचा पाठलाग करतं आणि क्षणोक्षणी अंतर व दोन कोन टिपत राहतं. त्यावरून संगणक प्रत्येक बिंदूचे लांबी, रुंदी, उंची असे तीन निर्देशक काढतो. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत कॅम लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र विकसित केलं. यंत्रमानवाचा हात सांगितलेल्या जागी खरंच जातो का, हे तपासणं हा तेव्हाचा हेतू होता.

एवढ्या बारकाईची गरज कुणाला?

याचं उत्तर आपल्या इंदापूर तालुक्यातच आहे. शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाने वसलेल्या वालचंदनगरला आपण साखरेमुळे ओळखायचो. पण तिथल्या वालचंदनगर इंडस्ट्रीजने इस्रोच्या रॉकेटांसाठी मोटारींची कवचं तयार केली आहेत. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ज्या एलव्हीएम-३ रॉकेटावर बसून उडालं, त्याच्या दोन्ही बाजूंना एस-२०० नावाचे दोन घन इंधनाचे बूस्टर होते. प्रत्येकाचा व्यास ३.२ मीटर आणि पोटात सुमारे २०० टन इंधन. या बूस्टरच्या कवचाचे भाग वालचंदनगरचे आहेत.

हे कवच अखंड एका तुकड्यात नसतं. मोठमोठे दंडगोल तुकडे एकावर एक बसवून ते तयार होतं. आता विचार करा, ३.२ मीटर व्यासाचं पोलादी कडं दुसऱ्या तेवढ्याच कड्यात बसवायचं आहे. सांधा सैल राहिला तर आत पेटलेल्या इंधनाचा तप्त वायू तिथून वाट काढेल. घट्ट झाला तर बसणारच नाही. एवढं मोठं कडं कुठल्याही व्हर्नियर कॅलिपरमध्ये मावत नाही. अशा आकाराच्या वस्तूंसाठी, मग ते रॉकेट असो, विमानाचा पंख असो की पाणबुडीचा सांगाडा, जगभर लेसर ट्रॅकरसारखी यंत्रं वापरली जातात.

बारामती एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी तयार होतात, भारत फोर्जचा कारखाना आहे. आपल्या शाळांतून बाहेर पडलेली मुलं आयटीआय किंवा डिप्लोमा करून अशाच कारखान्यांत गुणवत्ता तपासणीच्या टेबलावर बसतात. तिथे त्यांना पहिला प्रश्न विचारला जातो तो मापाचा, आणि लगेच दुसरा: 'त्यात कमी-जास्त किती?' शाळेत हा दुसरा प्रश्न त्यांच्या कानावरच पडलेला नसतो.

चुका कुठून शिरतात?

समजा आपण एक ट्रॅकर घेतला. गणितापुरतं असं धरू की त्याची अंतरातली चूक १० मायक्रोमीटरच्या आसपास आहे आणि कोनातली चूक १ सेकंदाच्या आसपास. १ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि कोनाचा १ सेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. वाचताना वाटतं, एवढ्याशा चुकीनं काय होणार?

पण कोनाची चूक अंतराबरोबर पसरत जाते. टॉर्चचा झोत लांब गेला की रुंदावतो तसंच. १० मीटरवर १ सेकंदाची चूक म्हणजे सुमारे ४८ मायक्रोमीटरची आडवी सरक. अंतराची चूक मात्र १० मायक्रोमीटरच राहिली. म्हणजे बिंदू नेमका कुठे आहे याबद्दलची आपली शंका चेंडूसारखी गोल नसते. ती यंत्राकडे तोंड करून उभ्या धरलेल्या भाकरीसारखी असते: यंत्राच्या दिशेने पातळ, आडव्या-उभ्या दिशेने पसरट. ही भाकरी डोक्यात पक्की ठेवा, पुढे लागणार आहे.

लेव्हलरचंही तसंच आहे. बांधावरची पेटी फक्त १० सेकंद कोनाने कलली, तर २०० मीटर लांबच्या शेवटच्या सरीत सुमारे १ सेंटिमीटरचा फरक पडतो.

दुसरी चूक तापमानाची. मापनशास्त्रात वस्तूची लांबी २० अंश सेल्सिअसला सांगायची असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. साधं पोलाद तापमान १ अंशाने वाढलं की दर मीटरमागे सुमारे ११ मायक्रोमीटर वाढतं. इंदापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. म्हणजे २० अंशांचा फरक. ३.२ गुणिले ११ गुणिले २०, उत्तर येतं ७०४ मायक्रोमीटर. साध्या पोलादाचं एवढं कडं उन्हाळ्यात पाऊण मिलिमीटरच्या जवळपास फुगेल. यंत्राची चूक १० मायक्रोमीटरची आणि उन्हाची ७०० ची!

तिसरी चूक हवेची. प्रकाशाचा वेग वर सांगितला तो निर्वात पोकळीतला. हवेत तो किंचित कमी होतो, आणि किती कमी होतो हे हवेच्या तापमानावर व दाबावर ठरतं. हवेचं तापमान १ अंशाने चुकीचं धरलं तर अंतरात दर दहा लाख भागांमागे सुमारे १ भाग चूक येते, म्हणजे १० मीटरला १० मायक्रोमीटर. बारामती समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी असतो. यंत्राला समुद्रसपाटीचा दाब सांगून इथे १० मीटर मोजलं तर ०.१५ मिलिमीटरहून जास्त फरक पडेल. म्हणून चांगल्या यंत्राजवळ हवेचं तापमान, दाब आणि आर्द्रता मोजणारं एक छोटं हवामान केंद्रच ठेवलेलं असतं.

याशिवाय जमिनीची थरथर, परावर्तक धरणाऱ्याचा हात, तिवईची घट्ट न बसलेली कळ. यादी लांब आहे.

मग संगणक कशाला?

इतक्या चुका, प्रत्येकीचा आकार वेगळा, काही एकमेकींना खोडणाऱ्या तर काही वाढवणाऱ्या. शेवटी व्यासाच्या आकड्यात किती चूक उतरेल? सोपं प्रकरण असेल तर सूत्राने काढता येतं. पण कड्याच्या काठावर पन्नास बिंदू मोजले, त्यांतून वर्तुळ जुळवलं आणि त्याचा व्यास काढला, की सूत्र हाताबाहेर जातं.

इथे एक भन्नाट साधी युक्ती उपयोगी पडते. १९४६ मध्ये स्टॅनिस्लाव उलाम हे गणितज्ञ आजारातून उठत होते. वेळ घालवायला ते एकट्याने पत्ते लावत. डाव सुटण्याची शक्यता किती, हे गणिताने काढायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ते फार किचकट निघालं. मग त्यांना वाटलं, डाव शंभर वेळा लावावा आणि किती वेळा सुटला ते मोजावं, झालं! नुकतेच संगणक आले होते. जॉन फॉन नॉयमन यांच्याबरोबर त्यांनी ही कल्पना अणुभौतिकीच्या गणितांसाठी वापरली. जुगाराच्या अड्ड्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावावरून तिचं नाव पडलं 'माँटे कार्लो पद्धत'. १९४९ मध्ये निकोलस मेट्रोपोलिस आणि उलाम यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला.

मोजमापासाठी तिचा वापर असा करतात. संगणकात एक आदर्श कडं तयार करायचं, व्यास बरोबर ३.२ मीटर. इथे खरं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, ही या पद्धतीची सगळ्यात मोठी गंमत. प्रत्यक्षात खरं उत्तर कधीच कुणाला माहीत नसतं. मग संगणकातच एक ट्रॅकर ठेवायचा. तो प्रत्येक बिंदूचं अंतर आणि कोन 'मोजेल', पण प्रत्येक आकड्यात यादृच्छिक पद्धतीने थोडी चूक मिसळायची, तीही खऱ्या यंत्रात जेवढी आणि जशी असते तेवढी आणि तशीच. त्यावरून व्यास काढायचा. ही झाली एक फेरी. अशा दहा हजार फेऱ्या. दहा हजार व्यास मिळतील, सगळे थोडे वेगवेगळे. त्यांचा पसारा म्हणजे आपल्या मोजमापाची अनिश्चितता.

किती फेऱ्या पुरेत? शंभर फेऱ्यांत पसाऱ्याचा अंदाज सुमारे ७ टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो, दहा हजारांत तो ०.७ टक्क्यावर येतो. फेऱ्या शंभरपट केल्या की अंदाज दहापट सुधारतो. मोजमापाच्या अनिश्चिततेवर आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून एक मार्गदर्शिका काढली आहे. २००८ च्या तिच्या पुरवणीत ही पद्धत रीतसर दिली आहे आणि दहा लाख फेऱ्या बहुतेक वेळा पुरतात असं म्हटलं आहे. साध्या लॅपटॉपला एवढं काम काही जड नाही.

यंत्र तेच, जागा बदलली

आता ती भाकरी आठवा. कडं जमिनीवर आडवं ठेवलंय, काठ वरच्या बाजूला. त्या काठावरचे समोरासमोरचे दोन बिंदू मोजून व्यास काढायचा आहे. यंत्राची उंची काठाएवढीच धरू आणि कड्याच्या मध्यापासून यंत्र ६ मीटरवर ठेवू.

पहिली मांडणी: यंत्र असं ठेवलं की व्यासाची रेषा त्याच्या समोर आडवी येते, एक बिंदू डावीकडे आणि दुसरा उजवीकडे. दुसरी मांडणी: यंत्र व्यासाच्याच रेषेत ठेवलं, एक बिंदू जवळ आणि दुसरा त्याच्या बरोबर पलीकडे.

दोन्ही मांडण्यांचं सिम्युलेशन चालवलं, कोनाची चूक १ सेकंद आणि अंतराची १० मायक्रोमीटर धरली, की पहिल्या मांडणीत व्यासाच्या उत्तरांचा पसारा सुमारे ४१ मायक्रोमीटर येतो. दुसरीत फक्त १४. यंत्र तेच, माणूस तोच, कडंही तेच. नुसती जागा बदलली आणि मापन जवळजवळ तिप्पट अचूक झालं. कारण पहिल्या मांडणीत व्यास भाकरीच्या पसरट बाजूने मोजला गेला आणि दुसरीत पातळ बाजूने.

पूर्ण गोलाई तपासायची असेल तर सगळे व्यास एका रेषेत येणार नाहीत. मग यंत्र दोन-तीन ठिकाणी ठेवून मोजायचं का? कुठे कुठे ठेवायचं? हे सगळं संगणकात करून बघता येतं, आणि लाखोंच्या कड्याला हात लावण्याआधी! सिम्युलेशनचा खरा फायदा हाच आहे. आकडा आल्यावर त्याच्याबद्दल शंका घेत बसण्यापेक्षा कुठे उभं राहून मोजावं हे आधीच कळतं.

सिम्युलेशन कुठे फसतं?

इथे एक सावधगिरीची गोष्ट, आणि मुलांना ती आवर्जून सांगा. संगणकाला आपण ज्या चुका सांगू तेवढ्याच त्याला माहीत असतात.

समजा आपण कोनाची आणि अंतराची चूक सांगितली, पण उन्हाने फुगलेल्या पोलादाचं सांगायचं राहिलं. संगणक दहा हजार उत्तरं देईल, सगळी १४ मायक्रोमीटरच्या पसाऱ्यात, एकमेकांना चिकटून बसलेली. बघून वाटेल, काय अचूक आहे! आणि प्रत्यक्ष कड्यावर माप पाऊण मिलिमीटरने चुकलेलं असेल.

ऊस घेऊन काट्यावर जाणाऱ्या घरातल्या मुलाला हे एका वाक्यात कळतं. काट्यातच खोट असेल तर तीच ट्रॉली दहा वेळा चढवली तरी दहाही वेळा तेच चुकीचं वजन येणार. आकडा सारखा येतो म्हणून तो खरा असतो असं नाही. सारखं येणं वेगळं, खरं असणं वेगळं. दर वेळी थोडी इकडेतिकडे होणारी ती यादृच्छिक त्रुटी. ती अनेक वेळा मोजून आणि सरासरी काढून कमी करता येते. एकाच बाजूला ओढणारी ती पद्धतशीर त्रुटी. ती सरासरीने जात नाही. तिचं कारण शोधून काढावं लागतं.

म्हणून कारखान्यात सिम्युलेशनवर विसंबून थांबत नाहीत. ज्याची लांबी प्रमाणित प्रयोगशाळेत आधीच ठरवली आहे असा दांडा आणतात, तो वेगवेगळ्या जागी ठेवून यंत्राने मोजतात आणि उत्तर सिम्युलेशनच्या पसाऱ्यात बसतंय का ते बघतात. बसलं नाही तर यादीत काहीतरी राहिलं आहे असं समजायचं. आपल्या देशात या प्रमाणांची साखळी शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पोचते. शेतकरी आपली गाडी दुसऱ्या काट्यावर घालून बघतो, त्यामागचा विचार हाच तर आहे.

वर्गात करून बघा: झेंड्याचा खांब आणि दोन फासे

दहावीच्या भूमितीत उन्नत कोन आहे. खांबाची उंची काढायचं उदाहरण सगळी मुलं सोडवतात आणि उत्तर दशांशात लिहून मोकळी होतात. यावेळी थोडं पुढे जाऊ.

साहित्य: कोनमापक, स्ट्रॉ, ओळंब्यासाठी दोरा आणि बोल्ट, मोजपट्टी, दोन फासे.

आधी खऱ्या खांबाचं मापन करा. स्ट्रॉ कोनमापकाला चिकटवून कोन मोजायचं साधन मुलं स्वतः तयार करतील. एकाच जागेवरून दहा मुलांना तोच कोन मोजायला लावा. उत्तरं सारखी येणार नाहीत, साधारण एखाद्या अंशाने इकडेतिकडे होतील. ही आपल्या 'यंत्राची' चूक. ती झाकू नका, फळ्यावर लिहा.

आता सिम्युलेशन. समजा २० मीटरवरून कोन २५ अंश आला. डोळ्याच्या पातळीपासून खांबाची उंची २० गुणिले टॅन २५, म्हणजे ९.३३ मीटर. आता दोन फासे टाका, बेरजेतून ७ वजा करा. उत्तर −५ ते +५ यांपैकी काहीतरी येईल. त्याला ०.४ ने गुणा, ही झाली कोनातली चूक अंशांत. पुन्हा फासे टाका, पुन्हा ७ वजा करा आणि या वेळी ४ ने गुणा, ही अंतरातली चूक सेंटिमीटरमध्ये.

एक उदाहरण. पहिल्यांदा ४ आणि ६ पडले: १० वजा ७, म्हणजे +३, कोन झाला २६.२ अंश. दुसऱ्यांदा २ आणि ३ पडले: −२, अंतर झालं १९.९२ मीटर. उंची आली ९.८० मीटर. शेजारच्या बाकावर आधी १ आणि ३ पडले, नंतर ५ आणि ४: कोन २३.८ अंश, अंतर २०.०८ मीटर, उंची ८.८६ मीटर. खांब एकच, पण दोन बाकांच्या उत्तरांत ९० सेंटिमीटरहून जास्त फरक!

तीस मुलांनी दहा-दहा फेऱ्या केल्या की तीनशे उत्तरं होतात. फळ्यावर स्तंभालेख काढा. सुमारे दोन तृतीयांश उत्तरं ८.९ ते ९.७५ मीटरच्या दरम्यान पडतील आणि मध्ये उंच, कडेला उतरता असा डोंगर दिसेल. सात ही बेरीज सगळ्यात जास्त वेळा का येते, हा संभाव्यतेचा धडाही ओघात होऊन जातो.

मग खरा प्रश्न विचारा: कुठे उभं राहिलं तर चूक सगळ्यात कमी होईल? मुलांना गटांत वाटून वेगवेगळी अंतरं द्या. ४० मीटरवरून उंचीतला पसारा सुमारे ७१ सेंटिमीटर येतो, २० मीटरवरून ४१. खांबापासून ९.३ मीटरवर, जिथे कोन बरोबर ४५ अंश होतो, तिथे ३३. बहुतेक मुलं म्हणतील, अजून जवळ जाऊ या. पण ५ मीटरवर गेलं की पसारा पुन्हा ४२ वर चढतो. ४५ अंशांच्या आसपास उभं राहणं सगळ्यात बरं, हे मुलं फासे टाकून स्वतः शोधतील. कड्याभोवती ट्रॅकर कुठे ठेवायचा हा प्रश्नही याच जातीचा आहे.

संगणक खोली असेल तर हेच एक्सेलमध्ये करा. त्यातलं 'रँड' हे फंक्शन ० ते १ मधला कोणताही आकडा देतं. असे १२ आकडे मिळवून त्यातून ६ वजा केले की शून्याच्या आजूबाजूला पसरलेली, प्रमाण विचलन १ असलेली चूक मिळते. तिला हव्या त्या मापाने गुणा आणि ओळ खाली हजार वेळा ओढा.

शेवटी एक खोडी काढा. एका गटाला न सांगता त्यांच्या मोजपट्टीचा पहिला अर्धा मीटर दुमडून ठेवा. त्यांची उत्तरं एकमेकांशी छान जुळतील, पण बाकीच्या वर्गाशी जुळणार नाहीत. कारण त्यांनाच शोधू द्या.

प्रयोगवहीबद्दल थोडं

आपल्याकडे प्रात्यक्षिकात एक रीत पडून गेली आहे. पुस्तकातलं उत्तर आधी माहीत असतं, मग मुलं निरीक्षणं मागून जुळवतात. गुरुत्व त्वरण ९.८ च यायला हवं, मग ९.४ आलेला मुलगा खोडरबर काढतो. त्या एका खोडण्यात तो शिकतो की मोजण्यापेक्षा जुळवणं महत्त्वाचं. उद्या हाच मुलगा एखाद्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसेल, एखाद्या कड्याचं माप घेईल, आणि समोर अपेक्षित आकडा लिहिलेला असेल.

म्हणून मूल्यमापन करताना एवढं करा. उत्तर ९.४ आलं तरी पूर्ण गुण द्या, जर त्याच्यापुढे 'कमी-जास्त ०.५' असं लिहिलं असेल आणि ते ०.५ कुठून आलं हे दोन ओळींत सांगता येत असेल. आणि ९.८ लिहून पुढे काहीच नसेल तर विचारा, 'हे तुला कसं कळलं?'

पालकांनाही एक विनंती. घरी ताप मोजला, दुधाचं फॅट लागलं, उसाचं वजन झालं, मोबाइलने चाललेली पावलं सांगितली, की मुलाला सहज विचारा: 'यात कमी-जास्त किती असेल रे?' अचूक उत्तर आलं नाही तरी चालेल. हा प्रश्न सुचण्याची सवय लागली की पुढचं शिक्षण सोपं होतं.